मोडेमला आपला टोन कळेना

माळ्यावरचे सामान खाली काढायला दिवाळीसारखे निमित्त नाही. 2025 च्या दिवाळीला माझा भाचा अमेरिकेहून रायपूरला आला होता. पंचविशीतला मुलगा, त्याला शिडीवर चढ म्हणून सांगावे लागले नाही. तात्यापाऱ्यातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावरून तो एकेक वस्तू खाली देऊ लागला. पितळी समया, तळ गेलेले घंगाळ, बाबांच्या फायलींची पेटी आणि शेवटी पुठ्ठ्याचे एक खोके. खोक्यात जाड पुस्तकाएवढी काळी डबी होती. पुढच्या बाजूला ओळीने बारीक दिवे, मागे तारा खुपसायच्या खाचा.

‘‘आत्या, हा राउटर आहे का?’’

‘‘राउटर नव्हे रे, मोडेम. तू जन्मलास ती बातमी या डबीतून आली.’’

खोक्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला होता. त्यावर आईच्या टपोऱ्या अक्षरांत एकच ओळ: ‘एक्स 3, एस 6 = 5. शून्य गळू देऊ नये.’

भाचा संगणकाच्याच क्षेत्रात आहे, पण त्यालाही ही ओळ म्हणजे कोडेच वाटली. त्याच्यासाठी त्या संध्याकाळी जे सांगितले, तेच इथे लिहिते आहे. तो म्हणाला, अमेरिकेतल्या एओएल कंपनीने टेलिफोनवरून इंटरनेट जोडून देण्याची आपली सेवा नुकतीच, 30 सप्टेंबर 2025 ला, बंद केली. तिकडे इतकी वर्षे ती कुणी वापरत होते याचेच त्याला नवल वाटत होते. मला नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. आपल्याकडे हे तंत्र केव्हा आले आणि केव्हा गेले, याची कुणी दखलही घेतली नाही.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले 15 ऑगस्ट 1995 ला. सरकारी विदेश संचार निगमने ते आधी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत दिले. रायपूर त्या वेळी मध्य प्रदेशात होते आणि आम्ही या सगळ्यापासून फार लांब होतो. भोसल्यांच्या राज्यापासून छत्तीसगडात मराठी घरे आहेत. आमचेही त्यांतलेच एक. नागपूर आम्हाला जवळचे, मुंबई दूरची आणि अमेरिका तर नकाशातली. पण 1999 साली दादा संगणकाच्या नोकरीवर न्यू जर्सीला गेला आणि ती घरातली झाली.

अमेरिकेला फोन लावायचा तर तेव्हा मिनिटाला साठ रुपयांच्या आसपास पडत. पंधरा दिवसांतून एकदा, तोही तीन मिनिटांचा फोन. त्यात दोन मिनिटे ‘‘ऐकू येतंय का?’’ यातच जायची. अशात वहिनीला दिवस गेल्याचे कळले. पाठोपाठ, तिला पडूनच राहायला डॉक्टरांनी सांगितले आहे, हेही कळले. आईचा जीव टांगणीला लागला. दादा सप्टेंबरात चार दिवस घरी आला तेव्हा जुना संगणक आणि तिकडून आणलेला हा मोडेम बसवून गेला. ‘‘रोज रात्री मेल करीन,’’ म्हणाला. तो गेला आणि तिसऱ्या दिवशी मोडेमने मान टाकली.

खरे तर मान टाकण्याआधीच त्याने एक झटका दिला होता. अमेरिकेतली वीज 110 व्होल्टची, आपली 230 ची. मोडेमबरोबरचा अडॅप्टर तिकडचा. दादाने मधे छोटा ट्रान्सफॉर्मर लावून दिला होता, पण बाबांना ते ‘जादा लफडे’ वाटले आणि त्यांनी ते काढून अडॅप्टर थेट भिंतीत खुपसला. वास आला, अडॅप्टर गेला, मोडेम वाचला. बाजारातून दुसरा अडॅप्टर आणताना दुकानदाराने शिकवलेली एक गोष्ट अजून उपयोगी आहे: अशा जुन्या मोडेमांपैकी पुष्कळांना एसी म्हणजे उलटसुलट वाहणारा प्रवाहच लागतो, रेडिओचा डीसी अडॅप्टर चालत नाही. नुसते व्होल्ट जुळले म्हणून भागत नाही, डबीच्या पाठीवरचा शिक्का वाचावा लागतो.

नव्या अडॅप्टरवर दिवे लागले. पण नंबर फिरवायला सांगितला की पडद्यावर इंग्रजीत एकच वाक्य: डायल टोन नाही. पुन्हा केले, पुन्हा तेच. बाबांनी टेलिफोन खात्याला तक्रार केली. लाइनमन आला, रिसीव्हर कानाला लावला, ‘‘टोन तो बढ़िया है, साहब,’’ म्हणून चहा पिऊन गेला. संगणकाच्या दुकानातला मुलगा आला. त्याने मोडेम खराब ठरवला आणि नवा घ्यायला सांगितला. बाबा जवळजवळ तयार झाले होते.

आई मात्र रिसीव्हर कानाला लावून बराच वेळ नुसती ऐकत बसली. इथे तिच्याविषयी सांगायला हवे. लग्नाआधी आई नागपूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ग्राहकाने थेट परगावचा नंबर फिरवायची सोय, म्हणजे एसटीडी, आपल्याकडे 1960 साली लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये पहिल्यांदा सुरू झाली. पण सगळीकडे पोहोचायला तिला पुढे कित्येक वर्षे लागली. तोवर परगावचा कॉल म्हणजे ऑपरेटरने हाताने जोडून द्यायचा. आईने चार वर्षे कानाला हेडफोन लावून टोन ऐकले होते. कोणता टोन चालू लाइनीचा, कोणता गुंतलेल्याचा, कुठल्या लाइनीत पाणी शिरले आहे, हे तिला ऐकून समजे.

‘‘टोन आहे,’’ ती म्हणाली. ‘‘पण याला तो ओळखूच येत नाही. हा परदेशी आहे ना? तिकडचा टोन वेगळा असेल.’’

आणि नेमके तेच होते. पुढे दादाने सवडीने समजावले. आपला डायल टोन 400 हर्ट्झचा असतो आणि त्याला 25 हर्ट्झची थरथर दिलेली असते. म्हणून तो कानाला घरघरल्यासारखा लागतो. अमेरिकेचा टोन 350 आणि 440 हर्ट्झचे दोन सूर एकत्र मिसळून केलेला असतो. तो एकसारखा गुणगुणतो. तिकडच्या लाइनींसाठी जुळवलेला आमचा मोडेम फोन उचलून त्या दोन सुरांची वाट पाही. ते आले नाहीत की लाइन मेलेली आहे असे समजून फोन ठेवून देई. लाइनमन खरे बोलत होता आणि मोडेमही त्याच्या परीने खरेच सांगत होता.

अशा मोडेमला समजावण्याची एक ठरलेली भाषा असते. 1981 साली अमेरिकेत अटलांटा शहराजवळ डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांच्या कंपनीने ‘स्मार्टमोडेम’ काढला. त्यासाठी त्यांनी छोट्या छोट्या आज्ञा ठरवल्या. पुढे बाकीच्या कंपन्यांनीही त्याच उचलल्या. प्रत्येक आज्ञेची सुरुवात ए-टी या दोन अक्षरांनी. ‘अटेन्शन’ची ती पहिली दोन अक्षरे, म्हणजे ‘इकडे लक्ष दे’. ‘एटी’ टंकले की मोडेम ‘ओके’ म्हणतो. ‘एटीडीटी’ आणि पुढे नंबर दिला की टोनने नंबर फिरवतो, ‘एटीडीपी’ दिले की जुन्या चकतीच्या फोनसारखा टकटक करत. ‘एटी एम 0’ म्हटले की त्याचा आवाज बंद. रात्री घर झोपलेले असताना ही शेवटची आज्ञा फार मोलाची. नंबरात स्वल्पविराम दिला तर तेवढ्या जागी तो दोन सेकंद थांबतो. ज्यांच्या कचेरीत आधी शून्य दाबून बाहेरची लाइन घ्यावी लागे त्यांना हा स्वल्पविराम चांगलाच आठवत असेल.

आमच्या आजारावर औषध होते ‘एक्स 3’. टोनची वाट न पाहता नंबर फिरव, असा त्याचा अर्थ. विंडोजमध्ये हेच काम मोडेमच्या गुणधर्मांत जाऊन एका चौकोनातली खूण काढून टाकली तरी होई. दादाने फोनवर, साठ रुपये मिनिटाने, ते मला सांगितले. मी खूण काढली, रात्री अकरा वाजता नंबर लावला आणि मोडेम गाऊ लागला.

अकराच का? आमचे खाते ज्या केंद्रावर होते ते दुसऱ्या शहरात होते. तिथवर एसटीडी लावावी लागे आणि रात्री अकरानंतर एसटीडीचा दर चौथाई होई. पीसीओच्या बूथबाहेर त्या वेळी लागणाऱ्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना अधिक सांगायला नको.

ते गाणे म्हणजे काय, हे भाच्याला फोनवर जुना ध्वनी लावून ऐकवावे लागले. टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यापुरती बांधलेली. साधारण 300 ते 3400 हर्ट्झपर्यंतचे आवाज ती नेते, त्यापलीकडचे नाही. संगणकाची आकड्यांची भाषा त्या एवढ्याशा फटीतून न्यायची तर तिचा आवाज करावा लागतो आणि पलीकडे पुन्हा आवाजाचे आकडे. मोडेम हेच करतो. पलीकडचा मोडेम आधी 2100 हर्ट्झची लांब शीळ घालतो, मग दोघे एकमेकांना चाचपतात: तुला किती वेगाने जमते, ही तार किती खरखरते, मग किती वेगाने बोलू या? त्या किंचाळण्याच्या आणि फुसफुसण्याच्या शेवटी वेग ठरतो. आमच्या मोडेमवर सेकंदाला 33,600 बिट असे छापले होते. आमच्या लाइनीवर 26,400 मिळाले तरी बाबा खूश असत. पावसाळ्यात जमिनीखालच्या केबलीत पाणी उतरले की तेही नाही.

तर एक्स 3 लावला आणि चार रात्री सुखाने गेल्या. पाचव्या रात्री मोडेमने नंबर फिरवला, आणि शिळेऐवजी डबीच्या छोट्या स्पीकरमधून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला: ‘‘हलो? मुन्ना? बोल ना बेटा.’’

मी घाबरून संगणकच बंद केला. पुन्हा लावला तेव्हा नीट लागला. मला वाटले, क्रॉस कनेक्शन असेल. पण दोन दिवसांनी पुन्हा तोच आवाज. मग तिसऱ्यांदा. दर वेळी अकराच्या सुमारास, दर वेळी ‘मुन्ना’. चौथ्या वेळी आईने झटकन शेजारचा रिसीव्हर उचलला, माफी मागितली आणि ठेवून दिला. मग कागद-पेन्सिल घेऊन बसली. आम्ही फिरवत होतो तो नंबर तिने लिहिला आणि पुढचे शून्य खोडले. शहराचा कोड शून्याने सुरू होतो. ते शून्य एक्स्चेंजपर्यंत पोहोचलेच नाही तर एसटीडीची लाइन मिळत नाही आणि उरलेल्यांतले पहिले सहा आकडे हा गावातलाच कुणाचा तरी नंबर ठरतो. रायपूरचे नंबर तेव्हा सहा आकडी होते.

‘‘टोन उशिरा येतो आहे,’’ आई म्हणाली. ‘‘अकराला सगळे गाव फोन उचलते. एक्स्चेंजला दम लागतो. आणि हा तुझा शहाणा टोन न ऐकताच नंबर फिरवून मोकळा!’’

एक्स 3 ची ही दुसरी बाजू आम्हाला कुणी सांगितली नव्हती. टोनकडे लक्ष देऊ नको म्हटल्यावर मोडेम फोन उचलतो, ठरलेली दोन सेकंदे थांबतो आणि आंधळेपणाने नंबर फिरवतो. ही दोन सेकंदे मोडेमच्या पोटातल्या एका खणात लिहिलेली असतात. त्या खणाचे नाव एस 6. (असे बरेच खण असतात. एस 7 मध्ये पलीकडच्या शिळेची किती वाट पाहायची ते, एस 10 मध्ये लाइन क्षणभर तुटली तर किती वेळ धीर धरायचा ते.) आम्ही एस 6 मध्ये 5 लिहिले आणि ‘अँड डब्ल्यू’ ही आज्ञा देऊन ते कायमचे साठवले. मोडेम ‘ओके’ म्हणाला. आणि त्याच रात्री बाईंचा फोन पुन्हा वाजला.

मला रडूच फुटायचे बाकी होते. आईला तर त्या बाईंचेच वाईट वाटत होते. दादाला मेल लिहायला मी दुपारी, महागाच्या वेळी, लाइन लावली, तेव्हा कारण कळले. विंडोज दर वेळी नंबर फिरवण्याआधी मोडेमला ‘अँड एफ’ ही आज्ञा देत होते. तिचा अर्थ, कारखान्यातून निघालास तेव्हा होतास तसा हो. त्यात आमची पाच सेकंदे बाजूला पडत आणि पुन्हा दोन होत. यावर उपाय असा की, मोडेमच्या गुणधर्मांत जादा आज्ञांसाठी एक रिकामी चौकट असते, तिथे ‘एस 6 = 5’ लिहायचे. म्हणजे पुसून झाल्यावर ते पुन्हा लिहिले जाते. ते केल्यावर मात्र शून्य एकदाही गळले नाही. आईने कागद लिहून झाकणाला चिकटवला तो त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने ते सहा आकडे स्वतःच्या हाताने फिरवले. मुन्ना म्हणजे बाईंचा मुलगा, दूर नोकरीला. तोही चौथाई दर लागल्यावरच फोन करी, कधी आठवड्याने, कधी महिन्याने. आमच्यामुळे ती म्हातारी अंथरुणातून उठून, गुडघे धरत फोनपर्यंत येई आणि तिला ऐकू येई ती मोडेमची टिवटिव. आईने सगळे सरळ सांगितले. ‘‘मशीन को ज़रा जल्दी थी, अब समझा दिया है,’’ असे काहीसे म्हणाली. बाई रागावल्या नाहीत. सून कशी आहे, कितवा महिना, हेच त्यांनी विचारले. त्यानंतर दोघींचे अधूनमधून बोलणे होऊ लागले, पण अकरानंतर फोन करायचा नाही हे आईने पाळले.

दादाच्या मेली यायच्या त्या इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. मराठी फॉन्टमध्ये लिहिलेले पत्र दुसऱ्याच्या संगणकावर उघडले की सारी चिन्हांची खिचडी होई, म्हणून हाच मार्ग. त्या लिपीत ‘ताट’ आणि ‘टाट’ एकच, ‘डाळ’ आणि ‘दळ’ही एकच. बाबा ती पत्रे छापून घेत आणि आईला वाचून दाखवताना दर ओळीला अडखळत. फेब्रुवारी 2000 मध्ये एका रात्री जी मेल आली तिच्यात अडखळण्यासारखे काही नव्हते. मुलगा झाला, दोघेही ठीक. सोबत फोटो होता, सुमारे 200 किलोबाइटचा. आज फोनवर बोट लावेपर्यंत उघडेल असा. त्या रात्री तो पडद्यावर वरून खाली, पट्टी-पट्टीने उतरला. आधी टोपडे, मग कपाळ, मग मिटलेले डोळे. मिनिट-दीड मिनिट लागले असेल. हनुवटीपर्यंत आल्यावर लाइन तुटते की काय म्हणून बाबांनी आम्हाला चालूही दिले नाही. सकाळी आईने पहिला फोन त्या बाईंना केला.

‘‘म्हणजे फक्त मेलसाठीच होते हे?’’ भाच्याने विचारले. आमच्या घरी होय. पण याच तारांवर त्या काळी मोठमोठी कामे उभी राहिली. 1998 साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या वारणा परिसरातली 70 गावे संगणकाने जोडायचा प्रकल्प सुरू झाला. आपला ऊस किती भरला, खत किती उचलले, हे शेतकऱ्याला गावातच कळू लागले. आमच्या तेव्हाच्या मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात जानेवारी 2000 मध्ये ‘ज्ञानदूत’ सुरू झाले. बाजारभाव, जमिनीचे उतारे, तक्रारी, हे सगळे गावच्या केंद्रातून टेलिफोनच्या तारेने जिल्ह्याला जाई. या केंद्रांना वीज आणि लाइन यांनी फार छळले. वारणेत पुढे 2007 च्या सुमारास सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर हीच माहिती देऊन पाहिली, ती लोकांना अधिक सोयीची वाटली. आणि दुकानात कार्ड सरकवल्यावर यंत्रातून टिवटिव ऐकत आपण उभे राहायचो ना, तोही आतला छोटा मोडेमच.

1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड वेगळे राज्य झाले, रायपूर राजधानी झाले. पुढे स्थानिक नंबरावरच इंटरनेट मिळू लागले, शून्याचा प्रश्नच संपला. काही वर्षांनी ब्रॉडबँड आले आणि मोडेम माळ्यावर गेला. आता घरात काचतंतूची लाइन आहे. तिच्यात फोनवरचे बोलणेही तुकडे-तुकडे होऊन जाते आणि अशा जुन्या मोडेमचा सूर त्यात सहसा टिकत नाही. आपल्याही माळ्यावर असा एखादा असेल तर तो रद्दीवाल्याला देऊ नका. त्यात शिसे असते, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्यावा.

आमचा मात्र अजून दिलेला नाही. आई 2016 मध्ये गेली. भाच्याला त्या कागदाचा अर्थ कळल्यावर त्याने दुसऱ्या दिवशी बाजारातून जुन्या पद्धतीची तार नव्या संगणकाला जोडायचा जोड आणला. अडॅप्टर अजून चालत होता. दिवे लागले. त्याने ‘एटी’ टंकले, डबी ‘ओके’ म्हणाली. मग साठवलेले सगळे खण दाखवणारी आज्ञा दिली. पडद्यावर आकड्यांच्या रांगा आल्या. एस 6 च्या पुढे होते 005.